संस्थेला मदत भरपूर, कर्मचारी मात्र थकलेले: ६०,००० रुपये नेमके कशावर खर्चावेत? (इंदूर)

कान्हकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या एका छोट्या समाजसेवी संस्थेच्या कार्यकारिणीसाठी विचारतो आहे. संस्थेची कामं तीन: एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे घरभेटी, कौटुंबिक समुपदेशन आणि गरजू घरांना शिधा. पगारी माणसं १४. त्यांतली ९ वस्त्यांमध्ये फिरणारी, ३ समुपदेशक, एक हिशेबनीस आणि कार्यालय सांभाळणाऱ्या एक ताई. स्वयंसेवक कागदावर ३०.

मदतीला तोटा नाही, उलट पितृपक्षापासून संक्रांतीपर्यंत दारात गाड्या लागलेल्या असतात. जुने कपडे, ब्लँकेटं, फराळाचे डबे, कुणाच्या वाढदिवसाचं जेवण. हा माल उतरवायचा, निवडायचा, पावत्या फाडायच्या आणि देणगीदारांच्या फोटोत उभं राहायचं, हे सगळं घरभेटीवाल्या माणसांच्याच माथी येतं. सहा महिन्यांत दोघांनी नोकरी सोडली. त्यांच्या जागा भरल्या, पण नवीन माणसंही आतापासून कुरकुरायला लागली आहेत.

दोन देणगीदार कुटुंबं मिळून ६०,००० रुपये 'कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी' देणार आहेत. कार्यकारिणीत तीन सूचना आल्या: मांडूची सहल, दर शनिवारी योगवर्ग, किंवा दिवाळीला प्रत्येकाच्या हातात रोख पाकीट (भागाकार केला तर प्रत्येकी ४,२८५ रुपये). कोणती घ्यावी? फरक पडला की नाही, हे कसं पाहावं? आणि देणगीदारांचं मन न दुखवता मालाची ही आवक आवरायची कशी? एका कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत आहे, तोही थोडे पैसे घालणार म्हणतो. त्यात काही अडचण?

मेथकूट

सहल, योग की पाकीट, हे ठरवायच्या आधी आवक मोजा. माणसं कशाने थकतात ते तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहून ठेवलं आहे. ते तसंच ठेवून शनिवारी योगवर्ग लावला तर आठवड्यातली आणखी एक सकाळ गेली, आणि तिथेही हजेरी लागणार.

मोजायचं असं: जुन्या कपड्यांचं एक बाचकं, म्हणजे १०-१२ किलो. ते उघडायचं, फाटकं वेगळं करायचं, मापाप्रमाणे लावायचं, घड्या घालायच्या. एका माणसाचा पाऊण तास धरा. दिवाळीच्या साफसफाईत ४० बाचकी आली तर ३० तास झाले, म्हणजे एका घरभेटवाल्याचे जवळपास चार दिवस. त्या चार दिवसांत तो किती म्हाताऱ्यांकडे गेला असता, ते तुमच्या भेटवहीत लिहिलेलंच असेल. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून कार्यकारिणीला दाखवा. 'लोक इतक्या प्रेमाने देतात, नाही कसं म्हणायचं' ही चर्चा तिथेच थांबते.

मग आवकीला वेळ बांधून द्या. बुधवार आणि शनिवार, दुपारी ४ ते ६.३०. बाकी वेळी दार उघडं, पण माल घेणं बंद. टेबलावर तीन माणसं: एक तराजू आणि वही, एक निवड, एक पोच लिहिणारा. तिघेही स्वयंसेवक. वस्तीत फिरणारा या टेबलावर बसणार नाही, हा नियम भिंतीवर लावा. नाहीतर पहिल्याच शनिवारी एक स्वयंसेवक येणार नाही आणि 'तू जरा बस ना' सुरू होईल. तीन हवे असतील तर पाच जणांना बोलवा. कागदावरचे ३० हे प्रत्यक्षात बाराच आहेत असं धरून चाला. आणि पाचही आले तर दोघांना घरी पाठवू नका, शिध्याचे संच बांधायला बसवा.

देणगीदाराला 'हे नको' म्हटलेलं लागतं, 'हे हवं' म्हटलेलं आवडतं. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला एक पानाचं मागणीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर सोडा, मराठीत आणि हिंदीत. त्यात मोघम काही नको. 'शिधा द्या' असं लिहिलं की ७० किलो तांदूळ येतो आणि डाळ कुणीच देत नाही. चार माणसांच्या घराला १५ दिवसांचा संच असा लिहा: गव्हाचं पीठ १० किलो, तांदूळ ३, तूरडाळ २, मूगडाळ १, तेल १ लिटर, साखर आणि मीठ एकेक किलो, पोहे १ किलो (इंदूर आहे, पोह्यांशिवाय सकाळ होत नाही), चहा २५० ग्रॅम, तिखट २००, हळद १००, अंगाचे दोन आणि कपड्यांचे दोन साबण. पावसाळ्यात पिठाऐवजी गहू मागा. पीठ दोन आठवडे पडून राहिलं तर जाळी धरतं, मग ते चाळत बसायचं काम पुन्हा तुमच्याच माणसांकडे.

कपड्यांत साड्या आणि पुरुषांचे शर्ट हवे त्याहून जास्त येतात. कमी पडतात ते १० ते १४ वयाच्या मुलींचे कपडे, धुवट चादरी आणि नवी कोरी अंतर्वस्त्रं. पत्रकात तेवढंच मागा. फाटकं नगर निगमच्या आर-आर-आर केंद्रावर (जुन्या वस्तू पुनर्वापरासाठी घेतात तिथे) जाऊ द्या. औषधं अजिबात घेऊ नका, अर्ध्या पट्ट्या तर नाहीच. इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, मुदत संपलेली औषधं त्यात टाकायची, हे देणगीदाराला तिथेच सांगा. अर्धे लोक औषधं केवळ टाकायची कुठे हे ठाऊक नसल्यामुळे तुमच्याकडे आणतात.

आणखी एक, इंदूरपुरतं. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, हिंदी मंडळींचा सावन त्याच्या पंधरा दिवस आधी. दोन्हीकडचे देणगीदार असले तर श्रावण दीड महिन्याचा होतो. स्वयंसेवकांच्या पाळ्या लावताना फक्त कालनिर्णय उघडून बसलात की पहिला पंधरवडा रिकामा जातो आणि माल मात्र येऊन पडतो. पितृपक्षात ही भानगड नाही. महिन्याचं नाव दोघांचं वेगळं, पंधरवडा एकच.

खतावणी

मेथकूट यांनी मालाचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो.

पहिलं काम, त्या दोन कुटुंबांकडून पत्र घ्या. 'स्वास्थ्यासाठी' हा शब्द फार पसरट आहे. तुम्ही त्यातून, घरभेटवाला रजेवर असताना त्याचं काम करायला, बदली माणूस ठेवलात तर वर्षभराने कुणीतरी विचारेल, 'योगाचं काय झालं?' पत्रात असं लिहून घ्या: 'ही रक्कम संस्थेच्या कर्मचाऱ्यांचं आरोग्य, विमा, रजेच्या काळातील बदली मनुष्यबळ आणि व्यावसायिक मार्गदर्शन यांसाठी वापरावी, उरल्यास पुढील वर्षी याच कामासाठी ठेवावी.' मग खात्यात या निधीचं वेगळं पान. शिध्यासाठी आलेल्या पैशातून यात भर घालायची नाही आणि यातून शिध्याला उसनवार द्यायची नाही.

पाकीट देणगीदाराच्या हातून तर नकोच. दिलं की देणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, आणि पुढच्या महिन्यात त्या घरून फोन येतो की आमच्या कामवाल्या बाईंचं नाव यादीत घाला. वस्तीत काम करणाऱ्याला त्या फोनला 'नाही' म्हणणं अवघड होऊन बसतं. रोख द्यायचंच असेल तर पगारपत्रकातून, सगळ्यांना एकाच नियमाने.

पावत्या. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर देणाऱ्याला करात वजावट मिळत नाही, म्हणून ६०,००० धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्या. वस्तूंवर वजावट नाही, कितीही महाग असोत. ब्लँकेटं देणारे '८०-जीची पावती द्या' (म्हणजे करात वजावट मिळवून देणारी) म्हणतातच, आणि भिडेखातर किंमत टाकून पावती देणारे हिशेबनीसही मी पाहून आहे. तसं करू नका. वस्तूला फक्त पोच: काय, किती नग, किती किलो, तारीख. रुपयांचा रकाना त्या छापील नमुन्यातच ठेवू नका, म्हणजे भीड घालायला जागाच उरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत. पावतीपुस्तक नव्याने छापण्याआधी मजकूर तुमच्या सीएंना दाखवा. देणगीदाराचा पॅन पावती लिहितानाच घ्या. वर्ष संपल्यावर शंभर लोकांना फोन करत बसणं म्हणजे तुमच्या हिशेबनीसाच्या स्वास्थ्याची वाट लावणं.

अमेरिकेतला मुलगा. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले असतील तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मात्र फाइलीत ठेवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही. रुपयांत दिले, इथल्या खात्यातून दिले, तरीही नाही. वस्तूंनाही हाच कायदा लागतो. 'वडिलांच्या नावाने पाठवतो' ही पळवाट सुचवली जाईल, तिच्या वाटेला जाऊ नका.

विम्याचं सोपं आहे आणि लोक तेच विसरतात. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा: वर्षाला २० रुपये, अपघाताचं २ लाखांचं कवच, वय १८ ते ७०. जीवन ज्योती बीमा: वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास २ लाख, वय १८ ते ५०. दोन्ही मिळून माणशी ४५६, चौदा जणांचे ६,३८४. पन्नाशी ओलांडलेल्यांना नव्याने फक्त पहिली मिळेल. हप्ता ज्याच्या-त्याच्या बँक खात्यातून कापला जातो, संस्थेने तो पगारासोबत परत करायचा. घोळ होतो मेअखेर: विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्या सुमारास खात्यात शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही आणि कवच गेलेलं कुणाला कळतही नाही. म्हणून मेचा पगार २५ तारखेलाच करा आणि जूनमध्ये प्रत्येकाचं पासबुक एकदा बघा.

ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे आईवडील आहेत त्यांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढून द्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. संस्थेला खर्च शून्य, एका स्वयंसेवकाची एक दुपार. आणि १४ माणसं आहेत तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) तुम्हाला लागू होतो का, ते कामगार सल्लागाराकडून लेखी घ्या. लागू असेल तर २१,००० पर्यंतच्या पगारावर माणसाचा वाटा ०.७५ टक्के आणि संस्थेचा ३.२५. १५,००० पगाराला अनुक्रमे ११२.५० आणि ४८७.५० रुपये होतात. त्यात सगळ्या कुटुंबाचा दवाखाना येतो, नंदानगरला रुग्णालय आहेच. ही कायद्याची बाब झाली, ती देणगीच्या पैशात बसवू नका.

छप्पनवाला

भिया, सहलीला एवढं वाईटही म्हणू नका. वर्षातून एक दिवस सगळ्यांनी एकत्र जेवलेलं चांगलंच. फक्त ती रविवारी नको. कामाच्या दिवशी न्या, कार्यालयाला कुलूप लावा आणि पगार कापू नका. सुटीच्या दिवशी नेलेली सहल म्हणजे बिनपगारी ड्युटी. मांडूला जाऊन-येऊन चार-पाच तास बसमध्येच जातात, त्यापेक्षा चोरल किंवा जानापाव जवळ पडेल. पावसाळ्यात पाटलपाणीच्या धबधब्याला पाण्याच्या पात्रात कुणालाही उतरू देऊ नका, वरून पाणी एकाएकी येतं. नाश्ता आणि जेवण बाहेरून सांगा. 'डबे घरून आणू' ठरलं की बायका पहाटे चारला उठून पोळ्या लाटणार, मग कसली विश्रांती. आणि देणगीदारांना सोबत नेऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

सावकाश

समुपदेशकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तुमच्या संस्थेत दोन वेगळे थकवे आहेत आणि दोघांना एकच औषध चालत नाही.

एक कामाच्या ओझ्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउट, म्हणजे कामाने पिचून जाणं, हा आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदला आहे. त्याच्या खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. वस्तीतून येऊन कुणी 'या लोकांना कितीही द्या, सारखंच' असं म्हणू लागलं, तर त्याला संवेदनशीलतेचं व्याख्यान देऊ नका. त्याचं वेळापत्रक काढून बघा. याला उतारा ओझं कमी करणं, रजा आणि पगार. योग त्याच्या जोडीला चालेल, बदली म्हणून नाही.

दुसरा थकवा दुसऱ्यांचं दुःख ऐकून येतो. मारहाणीच्या, अत्याचाराच्या हकिकती दिवसाला चार ऐकणाऱ्या समुपदेशकाला झोप न लागणं, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येणं, स्वतःच्या घरी दार दोनदा तपासणं. हा थकवा काम कमी असलं तरी होतो. याला लागतं मार्गदर्शन, ज्याला आम्ही लोक सुपरव्हिजन म्हणतो. महिन्यातून एकदा तिघांची मिळून दीड तासाची बैठक, आणि गरज असेल त्याला पाऊण तास एकट्याने. मार्गदर्शक बाहेरचा हवा, कार्यकारिणीतला नको, कुणाचा नातेवाईक नको. आधी लेखी ठरवा की बैठकीतलं काहीही कार्यकारिणीला सांगितलं जाणार नाही, अपवाद फक्त जिवाला धोका असेल तर. हे लिहिलं नाही की दुसऱ्या बैठकीपासून सगळे 'आमचं छान चाललंय' म्हणतात आणि चहा पिऊन उठतात.

वेळापत्रकात एवढं करा: हिंसेच्या दोन प्रकरणांवर सलग तिसरं नको, मध्ये पंधरा मिनिटं मोकळी, आणि दिवसातली शेवटची वेळ कागदपत्रांसाठी. एखादी वाईट घटना घडली, समजा घरभेटीला गेल्यावर म्हातारे आजोबा गेलेलेच आढळले, तर त्या माणसाला उरलेला दिवस मोकळा द्या, कुणीतरी सोबत घरी पोचवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. सगळ्यांना गोल बसवून 'काय पाहिलंस ते सविस्तर सांग' हे करू नका. घटनेनंतर लगेच असं एकदाच सगळं वदवून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा तो बोलेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो. तो कार्यालयात स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. दर्शनी फळ्यावर लावला तर टिपून घ्यायला लोक संकोचतात. पुढचे उपचार लागले तर बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे.

फरक मोजायचा असेल तर डब्ल्यूएचओ-५ ही पाच प्रश्नांची यादी वापरा. मागच्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, एवढंच विचारलेलं असतं. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, बेरीज चारने गुणायची, म्हणजे ० ते १००. ५०च्या खाली आलं तर त्या माणसाने स्वतःकडे लक्ष द्यायला हवं, पण ते आजाराचं निदान नव्हे. आता, १४ जणांत निनावी म्हणजे नावापुरतंच निनावी. अक्षरावरून, पेनाच्या शाईवरून ओळखतात. म्हणून भरलेला कागद ज्याचा त्याने घरी न्यावा, चिठ्ठीवर फक्त अंतिम आकडा लिहून डब्यात टाकावा. घरभेटवाले आणि समुपदेशक असे गट पाडू नका, तिघांच्या गटात कोण कोण ते शेंबडं पोरही सांगेल. आणि सरासरीवर भाळू नका. एकच माणूस ६० वरून २० वर घसरला तर चौदांची सरासरी जेमतेम तीन गुणांनी हलते. सर्वांत कमी आकडा कुठे आहे आणि ५०च्या खाली किती चिठ्ठ्या आहेत, ते बघा. वर्षातून तीनदा पुरे. एकदा दिवाळीच्या आधी, एकदा संक्रांतीनंतर, एकदा जूनमध्ये.

जाता जाता: दहा किंवा जास्त कर्मचारी आहेत म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने हवीच. कामानिमित्त ज्या घरी भेट द्यायला जातात ते घरही या कायद्यात कामाचं ठिकाण धरलं जातं. वस्तीत फिरणाऱ्या मुलींना हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुपारचा फेरा

घरभेटीवाल्यांसाठी चार गोष्टी, सगळ्या स्वस्त.

फोन. त्यांचा स्वतःचा नंबर वस्तीत वाटलेला असेल तर रात्री अकरालाही वाजतो, आणि हा थकवा कुठल्याही वहीत दिसत नाही. संस्थेचा एक साधा ड्युटी फोन घ्या. आठवडाभर एकाकडे, सोमवारी सकाळी दुसऱ्याकडे, नऊ जणांत पाळी नऊ आठवड्यांनी परत येते. ज्याच्याकडे फोन त्याला पुढच्या आठवड्यात एक दिवस बदली सुटी. ती सात दिवसांत दिलीच पाहिजे, 'साठवून ठेव' चालणार नाही. साठलेली सुटी कुणालाच मिळत नाही.

कुत्रं. गल्लीबोळांत हा रोजचा धोका आहे. चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस. दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. हुकुमचंद पॉलिक्लिनिकला, म्हणजे लाल अस्पतालला मिळते. हे दिवस कामाचेच धरा, रजा टाकायला लावू नका. लोक तिसऱ्या डोसनंतर 'आता बरं आहे' म्हणून जायचं सोडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा रजाच असते.

ऊन. एप्रिल ते जून भेटी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर. पारा चाळिशीपार असताना दुपारी एकला दुचाकीवरून फेरा लावण्यात कुणाचंच भलं नाही, म्हातारी माणसंही तेव्हा झोपलेली असतात. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्यात नाही.

शिजवलेलं अन्न. हे वाटायचं काम घरभेटीवाल्यांवर टाकलंत की भेटींचा दिवस गेला, वर कुणाला जुलाब झाले तर बोलणी त्यांनाच. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, त्याखाली आलं की जंतू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात शिजल्यापासून दोन तासांत पोटात गेलं तर घ्या. विचारायचे प्रश्न तीन: किती वाजता शिजलं, कशात आणलं, खवा-पनीर-दही आहे का? उत्तर 'सकाळचंच आहे' असं आलं तर हात जोडायचे. दिवाळीचा फराळ मात्र खुशाल घ्या, शेव-चकली टिकते. ओल्या नारळाच्या करंज्या तेवढ्या त्याच दिवशी संपवा.

कान्हकाठ

सगळ्यांचे आभार. सहल-योग-पाकीट हे बाजूला ठेवून कार्यकारिणीपुढे असा आराखडा मांडतो:

बदली माणूस ७०० रुपये × ४० दिवस = २८,०००
बाहेरचा मार्गदर्शक २,००० × ८ महिने = १६,०००
विमा ४५६ × १४ = ६,३८४
बेरीज ५०,३८४. उरले ९,६१६: ड्युटी फोन, रेनकोट, ओआरएस, आणि जमलं तर चोरलचं जेवण.

दोन शंका. चाळीस दिवस पुरतील का? आणि एक जुने देणगीदार काका आहेत, दरवर्षी आईच्या तिथीला स्वतः येऊन सगळ्यांना वाढतात, मुलांसोबत फोटो काढतात. त्यांना बुधवार-शनिवार कसा सांगायचा? तिथी काही वार बघून येत नाही.

मेथकूट

चाळीसचा हिशेब बरोबर बसतो. नऊ जणांना प्रत्येकी चार दिवस म्हणजे ३६. उरलेले चार दिवस बदली माणसांच्या शिकण्याचे: दोन माणसं, प्रत्येकी दोन दिवस कायमच्या माणसाबरोबर फिरायचं. हे चार दिवस वाचवू नका. अनोळखी चेहरा दारात आला तर एकटी राहणारी आजी कडी काढत नाही, आणि मग 'बदली माणूस निरुपयोगी' असा शिक्का बसतो. दोनच माणसं ठरवा, तीच दोन पुन्हा पुन्हा. संस्थेतून निवृत्त झालेलं किंवा लग्नानंतर नोकरी सोडलेलं कुणी असेल तर उत्तम. ३६ दिवसांचं वेळापत्रक आत्ताच भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला आपापले चार दिवस निवडू द्या. 'लागेल तेव्हा घ्या' म्हटलं की मार्चमध्ये तीस दिवस शिल्लक राहतात. आणि ज्या दिवशी बदली माणूस आहे त्या दिवशी मूळ माणसाला कार्यालयात 'जरा मदतीला' बोलवायचं नाही.

काकांचा प्रश्न नाजूक आहे, पण त्यांना वार सांगायची गरजच नाही. नियम मालासाठी आहे, तिथीसाठी नाही. तिथी आधी कळते, त्यामुळे तुमचे दोन स्वयंसेवक त्या दिवशी ठेवता येतात. फोन सेक्रेटरींनी स्वतः करावा, कर्मचाऱ्याला करायला लावू नये. साधारण असं बोलता येईल:

'काका, आईंची तिथी यंदा अमुक तारखेला येते, आम्ही वहीत लिहून ठेवली आहे. यंदा एक विनंती आहे. जेवणाऐवजी आईंच्या नावाने दहा घरांचा पंधरा दिवसांचा शिधा द्याल का? यादी पाठवतो. त्या दिवशी सकाळी ११ ला तुम्ही या, संच तुमच्या हातांनी बांधू, आईंच्या फोटोला हार घालू, चहा घेऊ. वाटप आमची माणसं त्यांच्या नेहमीच्या फेऱ्यात करतील. फोटो संचांसोबत काढू, घरांतल्या माणसांचे किंवा मुलांचे काढत नाही.'

मुलांच्या फोटोबद्दल काका अडले तर कारण सांगा. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, आणि तुमच्या समुपदेशनाच्या प्रकरणांतली मुलं त्याच वस्तीतली आहेत.

ते तरीही म्हणाले, मला वाढायचंच आहे, तर वाढू द्या. वर्षातून एक दिवस आहे. स्वयंपाक अकराला तयार, बाराला पंगत, वाढायला त्यांचीच नातवंडं आणि तुमचे दोन स्वयंसेवक. भांडी घासणाऱ्या बाईंचे पैसे काकांकडून आधीच मागून घ्या, ते आनंदाने देतील. हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून तर संध्याकाळी पातेली तुमच्या कार्यालयातल्या ताई घासत बसतात.